डी ड्राइव्हमधला आवाज

कोलूभाऊंचा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये होता आणि तो मी पुसला. हे आधीच सांगून टाकते, पुढे हिंमत होईल की नाही कुणास ठाऊक.

कोलूभाऊ मार्चमध्ये गेले. त्याआधी त्यांनी ग्रामसभेसाठी आमच्या जंगलाची अख्खी हद्द तोंडी सांगितली होती. कोणता नाला, कोणता मोह, कोणता खडक. ते मी मोबाइलवर रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये ठेवलं होतं. वनहक्काच्या दाव्याला तोच पुरावा. मी ग्रामसभेची सचिव, म्हणून लॅपटॉप माझ्या घरी. त्यांची बायको बुधरीबाई दर रविवारी यायच्या, मांडी घालून ती एकोणीस मिनिटं ऐकायच्या आणि उठून जायच्या.

सोमवारी सुनावणी, आणि शनिवारी लॅपटॉपने मान टाकली. अर्धा तास गरगर, मग निळा पडदा. पुलावर पाणी होतं, तालुक्याला नेणार कसा? घरात चंद्रपूरहून आणलेला पेनड्राइव्ह होता, त्यात विंडोजच्या जागी टाकायचं लिनक्स मिंट. फुकट, आणि जुन्या मशीनला झेपणारं. त्याचंच भावंड उबुंटू जड पडेल म्हणून मीच हे निवडलं होतं. फार शहाणी ना मी.

'डिस्क पुसून टाका' असा पर्याय आला तेव्हा माझा नवरा बिरजू मागून म्हणाला, "आवाज कुठी हाय?"

"डी ड्राइव्हमंदी. सरनं सांगतलं होतं, सीमंदी काई ठेवू नका, डी सेफ रायते."

लग्नाआधी नागभीडला संगणकाचा क्लास केला, तिथे हे वाक्य आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. त्यामुळे पडद्यावर एकच डिस्क दिसली तेव्हा मला वाटलं, ही सी असणार, डी वेगळी आहे. मी बटण दाबलं.

वीस मिनिटांनी छान हिरवा पडदा उघडला. डी कुठेच नव्हती. सी आणि डी या एकाच घरातल्या दोन खोल्या होत्या आणि मी घरच पाडलं होतं. मोबाइलमधली मूळ फाइल, जागा भरली म्हणून, मीच काढली होती. जंगल गेलं तर गावाला काय तोंड दाखवू?

रविवारी सकाळी कुंपणाशी बुधरीबाईंची काठी वाजली. मी चक्क खोटं बोलले.

"बाई, साहेबाले जबाब लेखी पायजे म्हन्ते. तुमाले हद्द सांगता येईन काय?"

त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. नाला, मोह, खडक, सगळं त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. तिसऱ्या नाल्यापाशी कोलूभाऊ खोकले होते, तिथे त्याही थांबल्या आणि हलकंसं खोकल्या. मी भराभर टाइप करत होते. बाईही गावातल्या जुन्याजाणत्या, त्यांचा जबाब चालणार होता. दावा वाचला.

सांगून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि लॅपटॉपच्या जवळ सरकून बसल्या.

"झालं तुयं काम," त्या म्हणाल्या. "आता त्यायचा आवाज लाव."