गल्लीचा उतार

आमच्या फाटकापाशी सायकलवर बसलं, की पॅडल न मारता थेट पिठाच्या गिरणीच्या वळणापर्यंत जाता येतं. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं हे करत मोठी झाली, माझा मिहिरसुद्धा. गॅलरीत उभं राहून गल्ली बघणं हा माझा जुना नाद. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर तोच उद्योग. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या प्लॉटवर बघता बघता तीन मजले चढले, सगळं मला ठाऊक. पण हा उतार इथं का आहे, असा प्रश्न मला तीस वर्षांत एकदाही पडला नाही. तो पडला लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातून आलेल्या एका म्हातारीला, आणि तोही आल्या दिवशी.

२०१३चा दुष्काळी उन्हाळा होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी यायचा. लोक पाहुण्यांना या म्हणण्याआधी नळाचा वार बघायचे. टँकर गल्लीत शिरला की एरवी देवळात शेजारी बसणाऱ्या बायका एकमेकींच्या ड्रमांना ढकलायच्या. आणि तरी शहर वाढतच होतं. रिकाम्या प्लॉटवर पायाचे खड्डे, सिमेंटची पोती, नव्या सोसायट्यांच्या पाट्या. एका पाटीवर तर ‘गंगासागर रेसिडेन्सी’. म्हटलं, नाव तरी ओलं आहे!

आमच्या समोर तिसऱ्या मजल्यावर शिवम आणि दीपमाला भाड्यानं राहायचे. शिवम वाळूजच्या कारखान्यात होता. पहिली पाळी असली की पहाटे कंपनीची बस धरायचा आणि दुपारी चारला परतायचा. दीपमालाला मुलगी होऊन सव्वा महिना होत आला होता. माहेरी पाण्याचा खडखडाट, म्हणून बाळंतपण इथंच झालं होतं. त्यासाठीच शिवमची आजी गावाहून आली होती. चतुराबाई. पंच्याहत्तरीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. तिचा मुलगा पुंजाराम जनावरं घेऊन चारा छावणीत राहिला होता, आणि दोन दिवसांनी तिला परत जायचं होतं.

जाण्याआधी तिला एक विहीर हवी होती.

“सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं विहीर पुजायची असती, बाई,” ती मला म्हणाली. “त्याबिगर तिनं घागर उचलायची नाय. आन म्या नवस बोलले हाय. पहिलं लेकरू हाती लागलं नाय आमच्या. हे जगलं तर साती आसरांच्या, पान्यातल्या त्या देवींच्या, जित्या पाण्यात त्याचं तोंड दाखवीन, असं. गावच्या विहिरीचा तळ तं माघातच उघडा पडला. म्हनलं, एवढं मोठं शहर, तिथं पानी असंलच की.”

शिवम म्हणाला होता, नळाची पूजा कर. त्यावर म्हातारीनं उत्तर दिलं होतं, “नळात आसरा राहत्यात व्हय रं? चार-चार दिवस त्या पायपात काय करतील?”

दीपमाला हसली नाही. ती बाळाला छातीशी धरून बसली होती. शिकलेली मुलगी, नवसाबिवसावर तिचा विश्वास असेल असं मला वाटलं नव्हतं. पण मला दाराशी सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, “काकू, मागच्या वेळी आम्ही काहीच केलं नव्हतं. बघा ना कुठं मिळाली तर.”

आता सांगून टाकते. विहीर माझ्या पोर्चखाली होती.

आम्ही प्लॉट घेतला तेव्हा ती कोपऱ्यात होती, दगडी, कठड्याची. मग मिहिरला गाडी लावायला जागा हवी झाली आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे दत्तोपंतांनी, तिच्यावर स्लॅब टाकला. कडेला एक लोखंडी झाकण ठेवलं. मिहिर पुण्याला गेला, गाडी पुण्याला गेली, झाकणावर चटई आणि चटईवर स्कूटर राहिली. खाली पाणी आहे की नाही ते आम्ही कधी बघितलं नव्हतं. मात्र एकदा दुपारी लाईट गेली, पंखे थांबले, आणि खालून टप्प असा आवाज आला. मी आणि हे एकमेकांकडे बघत राहिलो. ह्यांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेली. ते म्हणाले, “विहिरीचं तोंड बंद आहे, आपलंही बंद ठेवू. नाहीतर उद्या अख्खी गल्ली पोर्चमध्ये.” आणि मार्चमध्ये गल्लीतल्या बायकांनी जेव्हा मला विचारलं, काकू, तुमच्याकडे जुनी विहीर होती ना, तेव्हा मी सरळ म्हणाले, “छे गं, ती कधीच बुजवली.” पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलेली ही जीभ. जराही अडखळली नाही.

म्हणून मी चतुराबाईला म्हटलं, “चला मावशी, मी दाखवते. शहर मला पाठ आहे.” तिला बाहेर फिरवलं, चार विहिरी दाखवल्या, त्यातली एखादी पसंत पडली, की माझं झाकण शाबूत. असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही निघालो. देवळामागची विहीर मला आठवत होती. तिच्यावर आता मोबाईल रिचार्जचं दुकान होतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “कैसी विहीर? हम तो दस साल से यहीं हैं.” दुसरी एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये होती, विटांच्या तुकड्यांनी आणि जुन्या फरशांनी गळ्यापर्यंत भरलेली. तिसरीवर जाळी होती. आत वाकून बघितलं तर हिरवट थर, त्यावर निर्माल्याच्या पिशव्या आणि एक फुटकी खुर्ची. चतुराबाईनं जाळीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, “ही आजारी हाय. हिला लेकरू नाय दाखवायचं.”

मी मनातून खजील झाले. पण खरं सांगायचं तर तोपर्यंत मी विहिरी बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होते.

कारण म्हातारी चालताना शहर वाचत होती. मला जिथं बँक, दवाखाना, कोचिंग क्लास दिसत होता, तिथं तिला रान दिसत होतं. एका चौकात उंबराचं झाड होतं, बुंध्याला सिमेंटचा पार. “उंबर हाय, म्हंजी खाली झरा हाय.” एका जागी रस्ता उगाचच वळसा घेतो. तिथं मी हजार वेळा रिक्षात कलंडले असेन. ती म्हणाली, “इथं बांध व्हता. बैलगाडी बांधावरून जात नाय, कडंनं जाती. तीच वाट डांबराची झाली.” पुढे एका बोळाकडे बोट दाखवून म्हणाली, “ह्या पाटानं भाजीच्या मळ्याला पानी जायचं.” आणि खरोखर, त्या बोळात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं म्हणून लोक दरवर्षी वॉर्ड ऑफिसात तक्रार करतात!

मी थक्क झाले. ज्या शहराला मी नवं, बेशिस्त, वाटेल तसं वाढलेलं म्हणून नावं ठेवत आले, ते वाटेल तसं वाढलंच नव्हतं. शेतकऱ्यांनी जिथं पाय ठेवले तिथंच त्यानं पाय ठेवला होता. जालना रोडवर वाळूजच्या बसेस धावत होत्या, पुलाखाली गाड्यांचा नुसता गोंगाट, आणि मला पहिल्यांदाच त्या सगळ्याखाली ज्वारीचं रान असल्यासारखं वाटलं.

“मावशी, हे सगळं तुम्हाला कसं कळतं?”

“न कळाया काय झालं? जमीन काय कुठं गेली नाय. तिच्यावर घरं तेवढी बसलीत.”

एक वाजता उन्हानं जीव नकोसा झाला. आम्ही रिक्षानं गिरणीच्या वळणापर्यंत आलो आणि तिथून गल्ली चढायला लागलो. चतुराबाई ओठ हलवत चालत होती. पावलं मोजत होती. आमच्या फाटकापाशी आल्यावर ती थांबली आणि खाली टेकली.

“बेचाळीस,” ती म्हणाली. “लई खोल हाय.”

“काय खोल आहे?”

तिनं गल्लीकडे हात केला. “बाई, तुम्ही मोट बघितली का कधी? विहीर उंचावर. बैल तिथून उताराला चालायचे, तवा मोट वर यायची. त्या उताराला धाव म्हनत्यात. जेवढी विहीर खोल तेवढी धाव लांब. माझं लगीन झालं तवा आमच्या धावंवर रोज चार बैल असायचे.” ती जरा थांबली. “हितली पोरं पायडल न मारता जात्यात ना, ती त्याच धावंवरून. म्या आल्या दिशीच बघितलं.”

बेचाळीस पावलं. आमची गल्ली म्हणजे ती विहीरच होती, आडवी पडलेली. रोज तिच्यावरून दूधवाला जात होता, टँकर जात होता, टँकरमागे ड्रम घेऊन बायका पळत होत्या.

“मग सकाळपासून माझ्यासोबत उन्हात कामून हिंडलात?” तिच्या बोलीतलाच शब्द माझ्या तोंडून निघाला.

“तुम्ही हिंडवलं म्हनून.” तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. “विहीर ज्याची त्यानंच दावायची असती. दुसऱ्यानं बोट दावलं तर आसरा रुसत्यात. म्हनलं, दावतील संध्याकाळपोत्तर. नाय दावली तर त्यांची मर्जी.”

मी घरात गेले. दत्तोपंत वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, “स्कूटर काढा.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “आणि मग गल्लीला काय सांगणार आहेस?” मी म्हटलं, “ते मी बघते. खोटं मी बोलले होते, तुम्ही नाही.” ते मुकाट्यानं उठले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, माझ्या कोणत्या आवाजापुढे बोलायचं नाही ते त्यांना कळतं.

शिवम चारला आला. पहार लावून त्यानं आणि ह्यांनी झाकण उचकटलं. गंजाचा करकर आवाज झाला, आणि मग खालून असा गार वास आला की आम्ही सगळेच तोंडाशी वाकलो. मी खडा टाकायला उचलला, तर चतुराबाईनं माझं मनगट धरलं. “आसरांला खडा मारत्यात व्हय? आरसा आना.”

ह्यांचा दाढीचा आरसा आणला. म्हातारीनं तो उन्हात धरला, हलकेच कलता केला, आणि उन्हाचा एक कवडसा विहिरीत उतरला. दगडाचे थर दिसले, एकावर एक, चुन्याचा थेंब नसलेले. भिंतीतल्या पायऱ्या दिसल्या. एका कोनाड्यात कधीकाळचा शेंदूर होता. कवडसा उतरतच गेला. मला वाटलं आता संपेल, आता कोरडा तळ लागेल. आणि मग खाली, खूप खाली, तो हलला. उन्हाचे तुकडे होऊन भिंतींवर नाचले.

पाणी. त्या वर्षी. माझ्या चटईखाली.

“आई गं,” एवढंच मी म्हणाले. हे शेजारी हात जोडून उभे होते. मी त्यांना देवळातसुद्धा असं उभं राहिलेलं बघितलं नाही.

शिवमनं दोर जोडून जोडून कळशी सोडली. वर आली ती काठोकाठ. पाणी परातीत ओतलं. दीपमालानं हळदकुंकू वाहिलं, घुगऱ्या ठेवल्या, आणि चतुराबाईनं बाळाला परातीवर धरलं. पाण्यात ते इवलंसं तोंड दिसलं. बाळानं पाण्याकडे बघितलं आणि एकदम शांत झालं. म्हातारी मात्र ढसाढसा रडली. मग दीपमालानं घागर उचलून कमरेवर घेतली. भरलेली घागर, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही की मला तिच्याकडे बघवेना.

डोळे पुसून मी वळले, तर फाटकाबाहेर सगळी गल्ली उभी होती. गिरणीवाला कडुबा, समोरच्या इमारतीतली हिमानी, टँकरपाशी सगळ्यांशी भांडणारी गोजरबाई. सगळ्यांनी पायातल्या चपला काढल्या होत्या. आणि एकाच्याही हातात भांडं नव्हतं.

गोजरबाईनं विचारलं, “काकू, ही बुजवली होती ना?”

“नव्हती,” मी म्हणाले. “मी खोटं बोलले.”

गोजरबाईनं मान हलवली, लांबूनच विहिरीला नमस्कार केला आणि चपला घालून निघाली. तिच्यामागे बाकीचेही निघाले. आज नळाचा दिवस नव्हता, उद्याही नव्हता. प्रत्येकाच्या घरातल्या ड्रमात किती पाणी उरलंय ते मला गॅलरीतून पाठ होतं. आणि तरी कोणी मागितलं नाही. मला वाटलं होतं ही माणसं पोर्चमध्ये घुसतील. माझी वस्ती तीस वर्षांची, आणि मला ही माणसं कळलीच नव्हती.

मी अनवाणीच फाटकाबाहेर पडले. उतारानं पाय आपोआप भराभर पडत होते. पहिलं दार गोजरबाईचं लागलं. मी कडी वाजवली. तिनं दार उघडलं.

“बादली आण,” मी म्हणाले. “दोन असतील तर दोन आण.”

आणि ती आत वळायच्या आत मी पुढच्या दाराची कडी वाजवत होते.