फोटोआधीचा हार

तान्ह्या पोळ्याला मधुकररावांच्या हिऱ्याने घरच्याच स्कूटीला उडवलं आणि सेलू गावभर हसं झालं.

हिऱ्या म्हणजे लाकडी बैल, तान्ह्या पोळ्याला पोरं सजवून ओढत स्पर्धेला नेतात तसला. सागाचा, चाकांवरचा, नात काजलच्या खांद्याला लागेल एवढा. सणाच्या आदल्या दिवशी मधुकररावांनी किराणा दुकान वाऱ्यावर सोडून त्याच्या चाकांना असं काही ग्रीस चोपडलं, की काजलने दोरी हातात घ्यायचा अवकाश, हिऱ्या ओट्याच्या उतारावरून सुटला तो थेट खाली उभ्या स्कूटीवर. स्कूटी कोलमडली ती नालीत. दिवा फुटला, हँडल वाकडं, पुढचं चाक फेंगडं.

"आबा, बैल जिंकला!" काजलने टाळ्या पिटल्या.

स्कूटी सुनेची, रुचिकाची. ती सावंगीला लॅबमध्ये रक्त तपासायची आणि स्कूटीने दिवेलागणीला घरी पोचायची. मग लेकीला भरवणं, तिच्या दिवसभराच्या भांडणांचा निवाडा करणं, हा सगळा तिचा तास. आता आधी ऑटो, मग बस, त्यात बस चुकली की दुसरी. घरी येईस्तोवर काजल आजीच्या कुशीत गाढ. रुचिका तिच्या मुठीतलं अर्धं बिस्किट हळूच सोडवायची आणि तेच खायची.

"विमा हाय नं? मंग काऊन चिंता करून राह्यली?" मधुकरराव म्हणाले.

कंपनीने फोटो मागितला. रुचिका मोबाईल घेऊन बाहेर आली, तर सासूबाई, शकुंतलाबाई, स्कूटीवरून मीठमोहऱ्या ओवाळत होत्या. वाकड्या हँडलला झेंडूचा टपोरा हार, चाकाला कुंकू.

"आई, हे काय?"

"नजर काढली. असं उघडंबोडकं फुटकं तोंड परक्या लोकाईले दाखवतात का? म्हनतील, घरात बाईमानूस हाय का नाई!"

बसची वेळ झालेली. रुचिकाने तसाच फोटो काढून पाठवला. मागे झूल पांघरून हिऱ्याही आला होता, छाती काढून, जसं काही सगळं त्याच्याच कर्तबगारीने झालं.

कंपनीचं उत्तर आलं: 'वाहन सजवून स्पर्धेत उतरवल्याचे छायाचित्रावरून स्पष्ट दिसते. सबब दावा नामंजूर.'

"स्पर्धा?" मधुकरराव खुर्चीतून उठलेच. "आपल्या हिऱ्याले नंबर भेटला का?"

"बाबा, ते स्कूटीबद्दल म्हणतात."

"तिले कसा भेटन? ते तं पडली!"

रुचिकाने फोन लावला. पलीकडे मधाळ आवाजाची मुलगी. "मॅम, फोटो में माला तो है ना?"

"अहो, पडल्यावर घातली."

"मॅम, गिरने के बाद माला कौन डालता है?"

शकुंतलाबाईंनी फोन हिसकावला. "कौन मतलब? हम डालते! तुह्या मुलखात घालत नाई का वो? कोन्या गावची तू, बाई?"

मुलीने घाईघाईने फोन होल्डवर टाकला आणि संगीत सुरू झालं. पुढच्या दिवसांत रुचिकाने इतके फोन केले, की ते संगीत काजलला पाठ झालं. ते वाजलं की ती कमरेवर हात ठेवून गिरक्या घ्यायची. निकाल काही लागेना, पण नाच मात्र सुरेख बसला.

रुचिकाला वाटायचं, चूक आपलीच. हार काढून फोटो घ्यायला काय झालं होतं? एकदा बसच्या खिडकीशी बसून तिने तो फोटो बोटांनी मोठा केला. फुटलेल्या दिव्याच्या आत झेंडूचं एक फूल जाऊन बसलं होतं. दिवा धड असताना आत फूल जाईल कसं? म्हणजे हार नंतरचाच! एवढं साधं कंपनीला दिसलं नाही, कारण कोणी बघायलाच आलं नव्हतं. तिचा स्वतःवरचा राग उतरला आणि नेमक्या जागी जाऊन बसला.

तिने बसमध्येच लिहिलं: कोणत्या अटीखाली नाकारलं ते सांगा. गाडी कोणी पाहिली ते सांगा. नाहीतर आधी तुमच्या तक्रार विभागात आणि तिथेही भागलं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन.

"हिऱ्याचा कान टवकला, ते बी लिहिजो," मधुकरराव म्हणाले. ते तिने लिहिलं नाही.

दसरा झाल्यावर कंपनीचा माणूस आला. हेमराज नाव, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. स्कूटीभोवती फिरून म्हणाला, "पण मॅडम, सजावट तर होतीच नं?"

रुचिकाने फुलाचं भाषण पाठ करून ठेवलं होतं. पण तिची नजर फाटकाबाहेर गेली. हेमराजची पांढरी कार उभी होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर सुकलेला झेंडूचा हार, खाली लोंबणारं लिंबू.

"सर, तुमच्या गाडीचा कितवा नंबर आला?"

"कसला नंबर?"

"स्पर्धेत."

"कुठली स्पर्धा? दसऱ्याची पूजा आहे ती. आमच्या आईनं घात..." हेमराज तिथेच अडकला.

"आईनं नं?" शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या. "नारळ फोडला का चाकापाशी?"

"फोडला, काकू."

"मंग बसजो. चहा ठेवते."

हेमराजने वाकून दिव्यात पाहिलं. वाळलेलं फूल अजून तिथेच होतं. त्याने त्याचे जवळून फोटो काढले, कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "अपघातानंतरचा हार, असं स्पष्ट लिहितो. दावा मंजूर व्हायला पाहिजे."

तेवढ्यात काजल दोरीने हिऱ्याला ओढत आली आणि हेमराजपुढे हात पसरून उभी राहिली. लाकडी बैल दारी आला की पोरांना बोजारा द्यायचा असतो, पैसे नाहीतर खाऊ. सण संपला हे काजलला कोणी सांगितलंच नव्हतं. येईल त्याच्याकडे ती बोजारा मागायची. हेमराजने खिसे चाचपले. निघालं एक चॉकलेट.

"हे घे बेटा. बाकीचा बोजारा कंपनीकडून."

आणि तो आला. स्कूटी नीट झाली, त्या दिवशी रुचिका दिवेलागणीला फाटकात शिरली. शकुंतलाबाई हार घेऊन उभ्याच होत्या.

"घाला आई," रुचिका हसत म्हणाली, "फक्त फोटो नको."

काजल टक्क जागी होती. धावत आली आणि मुठीतलं चिंब ओलं अर्धं बिस्किट तिने आपल्या हाताने आईच्या तोंडात कोंबलं.