कातडी पडली की निघायचं

मेलिंदामावशी शिडीच्या टोकाला उभी होती, कपाटाच्या वरच्या नक्षीला कान लावून, आणि नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजली.

"आले ते," पप्पा दातांवर दात ठेवून म्हणाले. "दोना एर्मेलिंदा, खाली या आधी."

"श्श."

"मला श्श करता? माझ्याच दुकानात?"

"सेन्योर गाश्पार, तुमच्याच दुकानात कुणीतरी रडतंय. ऐकू द्या जरा."

आणि मी मधोमध, एका हातात बदामाच्या केकची बशी, दुसऱ्यात वाइनची बाटली! कारण दारात जुन्या दुकानांची समिती उभी होती. चारला येणार होते, आले संध्याकाळी आठ वाजता. म्हणजे आपल्याकडच्या मानाने वेळेवरच, पण आम्ही सगळा बेत उजेडाचा केला होता ना!

थांबा, नीट सांगते. तेव्हा आमचं पुस्तकांचं दुकान होतं ती इमारत नुकतीच विकली गेली होती. नव्या मालकाला तिथे हॉटेल करायचं होतं. आणि आम्हाला वाचवू शकेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे जुन्या दुकानांच्या यादीत नाव लागणं. यादीत नाव आलं की मालक आम्हाला बाहेर काढू शकत नाही, संपलं. अर्ज मीच केला होता. पणजोबांचे फोटो, जिन्याचे फोटो, शिसवी कपाटं, सगळं. एक गोष्ट तेवढी लिहिली नव्हती, पप्पांनी लिहू दिली नव्हती. आमच्या दुकानात वटवाघळं राहायची.

हसू नका! आमच्याच कुइंब्रात वरच्या विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयातसुद्धा आहेत, कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमची तर अंगठ्याएवढी. दिवसभर कपाटांच्या नक्षीमागे झोपायची, तिन्हीसांजेला खिडकीवरच्या झरोक्यातून बाहेर, रात्रभर आत-बाहेर, आणि दुकानात किडा म्हणून ठेवायची नाहीत. कसर लागलेलं एक पान दाखवा म्हणायची मेलिंदामावशी, एक! फक्त त्यांच्या लेंड्या पडायच्या. म्हणून रोज संध्याकाळी मावशी मांडलेल्या पुस्तकांच्या टेबलांवर कातडी पांघरायची. बैलाची जुनी, मऊ पडलेली कातडी. सकाळी झाडून गुंडाळून ठेवायची. आमच्या गिऱ्हाइकांना 'दुकान बंद होतंय' असं कधी सांगावं लागलं नाही. कातडी पडली की निघायचं. वाचता वाचता म्हातारे प्रोफेसर पुस्तक मिटायचे, टोपी घालायचे, "उद्या येतो" म्हणायचे. पानाचा कोपरा कुणी मुडपला तर मेलिंदामावशी जिन्यापर्यंत मागे यायची, ते वेगळं.

ती पप्पांच्या लग्नाआधीपासून दुकानात कामाला होती. लग्न केलं नाही, दुसरी नोकरी केली नाही. नदीपलीकडे बहिणीबरोबर राहायची, पूल ओलांडून चालत यायची. पुस्तकं फारशी वाचायची नाही हो, खोटं कशाला सांगू. म्हणायची, "मी पुसते. वाचायला तुम्ही आहात."

तर, आदल्या दिवशी संत योहानाचा सण. मावशी बहिणीकडे सार्डिन मासे भाजायला गेलेली. पप्पांनी तेवढ्यात डाव साधला. खालच्या गल्लीतल्या टोपीवाल्याचं नाव म्हणे उंदरांपायी यादीतून गेलं होतं, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. त्यांचा हिशोब सोपा होता. दिवस मावळला की वटवाघळं बाहेर पडतात. सगळी पडली की झरोक्यावर फळी ठोकायची. आत कुणीच नाही, म्हणजे कुणी मरायचं नाही. समिती येऊन गेली की फळी काढायची. मी शिडी धरली, त्यांनी सहा-सात खिळे ठोकले, वर कापड लावलं, आणि आम्ही पण सार्डिन खायला गेलो.

सकाळी मावशी आली, मान वर केली, फळी पाहिली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "जूनमध्ये?"

"मग काय झालं जूनमध्ये?" पप्पा.

"जूनमध्ये त्यांना पिल्लं असतात, सेन्योर गाश्पार. पिल्लं उडत नाहीत. पिल्लं घरी असतात."

पप्पांचा चेहरा उतरला, देवाशपथ उतरला. ते काही वाईट नाहीत. पण मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "आजचा दिवस. ते गेले की लगेच काढतो. एका दिवसात काय होतंय?"

"रात्र तर गेलीच आहे."

बाहेर खिडकीच्या झडपांवर आया लटकल्या होत्या, भर उजेडात. फळीपाशी जायच्या, परत यायच्या. आणि आत कपाटाखाली दोन पिल्लं मरून पडलेली सापडली, शेंगदाण्याएवढी, गुलाबी. मावशीने ती वर्तमानपत्रात नाही गुंडाळली. चांगला पांढरा कागद घेतला, कोपरे दुमडले, दोरा बांधला, गिऱ्हाइकाला पुस्तक बांधून देतात तसं. आणि ते पुडकं तिने अॅप्रनच्या खिशात ठेवलं. दिवसभर ते खिशात होतं. मी सारखी तिकडेच बघत होते.

तर आता दारात समिती. दोतोरा एउलालिया, पदवीवाली म्हणून दोतोरा, उंच, पांढरे केस, चष्मा साखळीला, आणि तिच्याबरोबर एक फोटोवाला.

"अहाहा!" दोतोरा आत येऊन म्हणाली. "हा जिना! हा वास! सेन्योर गाश्पार, मी विद्यार्थिनी होते तेव्हा इथे येत होते, माहीत आहे? आणि ह्या बाई तेव्हाही होत्या."

मावशी शिडीवरून उतरत होती. "तुम्ही पानांचे कोपरे मुडपायच्या," ती म्हणाली.

पप्पा खोकले. दोतोरा मात्र खळखळून हसली! मला वाटलं जमलं, गं, जमलं. तिने मोठ्या टेबलाशी बैठक मारली, कागद पसरले, केक खाल्ला, आणखी एक खाल्ला. फोटोवाला जिन्याचे फोटो काढतोय. पप्पा पणजोबांच्या गोष्टी सांगतायत, हात हलवत, घाम पुसत. आणि मी खिडकीकडे बघतेय. समोरच्या भिंतीवरचं ऊन कौलांपर्यंत चढलं होतं. मग कौलांवरूनही गेलं.

"आणि कसर?" दोतोराने विचारलं. "परवा एक दुकान पाहिलं, भुगा झालाय सगळ्याचा. तुमच्याकडे इतकं स्वच्छ कसं?"

"काळजी घेतो आम्ही," पप्पा म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्या."

मावशी कोपऱ्यात उभी. हात खिशात.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला. बारीक, सुईएवढा. थांबला. परत आला, पण आधीपेक्षा हळू. ते हळू होणंच मला सहन होईना.

"हे काय?" दोतोरा.

"लाकूड," पप्पा पटकन म्हणाले. "जुनं लाकूड बोलतं हो. बेने, दोतोरांना वाइन दे."

मी वाइन ओतली, थोडी टेबलावर सांडली. पप्पांनी मला डोळे वटारून दाराकडे खूण केली, म्हणजे यांना आता आटपायला लावू या. "आता सह्याच करू," दोतोरा म्हणालीच, पेनाचं टोपण काढलंच तिने, आता फक्त सही, एक सही! आणि मी मनात म्हणतेय, कर गं बाई, कर, लवकर कर, म्हणजे फळी काढू. आणि वरचा आवाज थांबला होता.

मावशी मागे गेली. परत आली तेव्हा खांद्यावर कातडी होती.

"दोना एर्मेलिंदा, आज नको," पप्पा म्हणाले.

"दिवस मावळला."

"पाहुणे बसलेत!"

ती दोतोराच्या टेबलापाशी आली. "कागद उचला, दोतोरा. वाइनपण उचला."

दोतोराने गोंधळून कागद छातीशी धरले. मावशीने कातडी टाकली, दोन्ही हातांनी सपाट केली, कोपरे ओढले, रोजच्यासारखे. केकची बशी तशीच खाली राहिली, मधे एक उंचवटा. मग तिने हत्यारांच्या खोक्यातून खिळे उपटायचं अंबूर काढलं आणि शिडी झरोक्याखाली ओढली.

पप्पा धावले, शिडीची खालची पायरी धरली. "उतरा. हात जोडतो. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं द्या मला."

"त्यांच्याकडे नाहीत."

"माझं दुकान जाईल हो!"

मावशीने खाली पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नाही हलला. "जाईल. माझंपण जाईल. पण आई बाहेर आहे, सेन्योर गाश्पार."

पहिला खिळा करकरत निघाला. शिडी हलायला लागली. मी गेले आणि दुसऱ्या बाजूने शिडी धरली. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांची मुलगी नाही, कुणी परकी आहे. पण त्यांनीही पायरी सोडली नाही. ओढली नाही, सोडलीही नाही. आम्ही दोघांनी ती तशीच धरून ठेवली आणि वर एकेक खिळा निघत राहिला.

फळी सुटली, आणि मग, काय सांगू! आल्या. वादळासारख्या नाही, तसं सिनेमात असतं. पानं उडून यावीत तशा, बिनआवाजाच्या, झरोक्यातून सरळ कपाटाच्या नक्षीमागे. आपापल्या जागा त्यांना बरोब्बर ठाऊक! फोटोवाला "आई गं!" करून जिन्याखाली. दोतोरा जागची हलली नाही, फक्त एक हात डोक्यावर. मग वरून पुन्हा तो सुईसारखा आवाज आला. एक. दोन. मग कितीतरी, सगळे एकदम, भुकेलेले, भांडल्यासारखे.

मावशी शिडीच्या टोकाला बसूनच राहिली, अंबूर मांडीवर ठेवून.

बऱ्याच वेळाने कातडीवर टप्प करून एक लेंडी पडली. दोतोराने ती पाहिली. पेनाला टोपण लावलं. "मला जे दिसलं ते लिहावं लागेल," ती म्हणाली, आणि खरं सांगते, तिलाही वाईट वाटत होतं.

"लिहा," मावशी वरूनच म्हणाली. "पण पिल्लं होती, तेही लिहा."

यादीत आमचं नाव आलं नाही. वटवाघळांमुळे, का जिन्याच्या डगमगत्या कठड्यामुळे, का कातडीखाली गेलेल्या केकमुळे, आम्हाला कुणी सांगितलं नाही. नाताळाआधी दुकान बंद केलं. तोवर पिल्लं उडायला लागली होती, तेवढं बरं. आता तिथे हॉटेल आहे, खाली बसायच्या जागेत आमचीच कपाटं आहेत, आणि त्यांत पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवल्यात. झरोक्याला काच. आणि गंमत म्हणजे तुमच्या त्या फोनवरच्या 'एकदा तरी पाहावीत अशी पुस्तकांची दुकानं' यादीत आम्ही अजून आहोत! लोक लांबून येतात, हॉटेलच्या दारवानाला विचारतात, "पुस्तकांचं दुकान कुठे?" तो म्हणतो, "हेच."

पप्पा मावशीशी बोलत नाहीत. पण दर नाताळात सगळ्यात जाड खारवलेला कॉड मासा स्वतः निवडतात, कागदात बांधतात आणि मला म्हणतात, "पुलापलीकडे काही काम आहे का तुझं?" मी म्हणते, आहे.

परवाही गेले होते. चौथा मजला. बहीण गेली आता, मावशी एकटीच असते. स्वयंपाकघरात आम्ही दोघी टेबलाशी बसलो, कॉफी, केक, वायफळ गप्पा. तिने पप्पांची तब्येत विचारली, मी सांगितली. मावशीने कॉडच्या पुडक्याचा दोरा सोडला, बोटावर गुंडाळून नीट ठेवला. "सेन्योर गाश्पार गाठ अजून दुकानातल्यासारखीच मारतात," म्हणाली. मला अजून बोलायचं होतं, विचारायचं होतं की तिला कधी वाटतं का, दहा मिनिटं थांबायला हवं होतं. शब्द जुळवतच होते मी.

खिडकीबाहेर नदी काळपट होत चालली होती. मावशी उठली. दाराआडून तिने कातडी आणली, एकच, कडेला विरलेली, आणि टेबलावर टाकली. कपांवरून, बशांवरून, माझ्या अर्ध्या केकवरून. दोन्ही हातांनी सपाट केली. कोपरे ओढले.

मी उठले, कोट घातला.

"उद्या येते," म्हटलं.