नोद्री

आमच्या भाषाशास्त्रात जो शब्द कुठेच लिहिलेला सापडत नाही, पण कधीकाळी असायलाच हवा असं वाटतं, त्याच्या डोक्यावर एक तारा काढतात. अशा तारेवाल्या शब्दांशी माझं चांगलं जमतं. जिवंत माणसांसारखे ते मध्येच तोंड घालत नाहीत. माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा अशाच एका ताऱ्यावर उभा होता. त्या ताऱ्याखाली होता माझ्या आजीच्या तोंडचा एक शब्द.

आम्ही ताजिकांच्या मुलखातल्या हिसार खोऱ्यातले पार्या. बाहेर ताजिक बोलतो आणि घरात आमची भाषा, जी कधीकाळी हिंदुस्तानातून आमच्याबरोबर चालत आली. शेजाऱ्यांना ती कळत नाही, त्यामुळे भांडायला फार सोयीची आहे. माझी आई जन्मायच्या आधी शहरातून एक संशोधक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आमच्या घरी आला होता. तो एकेका वस्तूकडे बोट दाखवायचा आणि आजी नाव सांगायची. पाणी, आग, हात, विळा. मग तो विचारतो, "आणि हे?" आजीचा आवाज येतो, एकदम खाली गेलेला: "नोद्री."

संशोधकाने टिपून ठेवलं, नोद्री म्हणजे पाळणा.

आमच्या खोऱ्यात पाळण्याला सगळे गहवारा म्हणतात, त्यामुळे हा वेगळा शब्द म्हणजे घबाडच होतं. पंडितांनी त्याचं मूळ थेट संस्कृतातल्या निद्रेला नेऊन भिडवलं आणि मधल्या काळासाठी एक तारेवालं रूपही तयार केलं. खोडा एकच होता. नियमाप्रमाणे 'नी' यायला हवी होती आणि आजी तर स्वच्छ 'नो' म्हणते. त्या 'नी'चा 'नो' कसा झाला यावर मी तीन वर्षं डोकं फोडलं आणि शेवटी एक नियम बसवला. तो नियम अख्ख्या जगात एकाच शब्दाला लागू पडत होता. मला त्याची लाज वाटायला हवी होती, पण मला अभिमान वाटत होता.

त्या मुद्रणात एक टकटक आहे. शब्दाच्या आधीपासून ती चालू असते आणि शब्द संपल्यावरही थांबत नाही. यंत्राचं चाक खडखडत असेल, असं सगळे म्हणत. मी ते रोज ऐकायचे आणि स्वर नीट पकडता यावा म्हणून आजीच्या सुरात म्हणून बघायचे. नोद्री. नोद्री. कधी लांबवून, कधी तोडून. हे सगळं आजीच्याच घरात, ज्या खोलीत मुद्रण झालं त्याच खोलीत. गेल्या हिवाळ्यापासून संगणक बंद केला तरी टकटक ऐकू यायला लागली. तुतीची फांदी छपराला लागत असेल म्हणून मी ती छाटून घेतली. टकटक चालूच राहिली.

या वसंतात सनोबर खाला आली. ती माझ्या आईची थोरली बहीण. लग्न होऊन उझबेकांच्या बाजूला गेली, मग सरहद्द बंद झाली, आणि ती उघडेपर्यंत माझी आई गेलेली होती. खाला माझ्या खोलीत ताटभर तुती घेऊन बसली आणि तिने माझी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"काय शिकतेस म्हणे तू? आपलीच भाषा? ती तर तुला येते."

"येते गं खाला. पण ती कुठून आली ते शोधते."

"कुठून म्हणजे? आईकडून. एवढ्यासाठी सरकार पगार देतं का तुला?"

"आजीचा आवाज ऐकायचाय?"

खालाने चहाची वाटी खाली ठेवली. डोक्यावरचा रुमाल नीट केला, जणू कुणी वडीलधारं माणूस आत येणार होतं. "लाव," ती म्हणाली.

पाणी, आग, हात. प्रत्येक शब्दाला खाला हसत होती. "बघ ठसका. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण पाहुण्याला कशी शिकवतेय." मग मागून टकटक सुरू झाली आणि तिचं हसू गेलं.

"पाळणा कोण हलवतंय?"

"पाळणा नाही तो. यंत्राचा आवाज आहे."

"मला नको शिकवूस. आमचा पाळणा जमिनीवर डुलायचा आणि त्याचा एक पाय झिजलेला होता. मीच हलवायचे की."

तेवढ्यात आजी म्हणाली, "नोद्री."

खालाने तोंडावर हात ठेवला. "बंद कर ते." मी बंद केलं. मग तीच म्हणाली, "परत लाव."

तीनदा ऐकल्यावर ती बोलली. "नोदिरा. आपल्या तोंडी नोद्री. माझ्या पाठची आणि तुझ्या आईच्या आधीची."

"आई कधी बोलली नाही."

"तिलाही कुठे माहीत होतं? पाहुणा आला तेव्हा पोरीला पुरून चाळीस दिवसही झाले नव्हते."

"मग पाळण्यात कोण होतं?"

"कुणी नाही. रिकामा पाळणा हलवू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबा ओरडायचे, तरी आई हलवत बसायची. पाहुण्याने विचारलं, आणि हे? त्याला म्हणायचं होतं, हे काय. हिला वाटलं, ही कोण." खाला ताटातल्या तुती इकडच्या तिकडे करत राहिली. "पाहुणा गेला आणि बाबांनी पाळणा चुलीत घातला. नाव घ्यायचं नाही म्हणाले. आईने जन्मात परत घेतलं नाही. मला वाटायचं, विसरली."

मग तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू नुसतं ऐकतेस, की म्हणतेस पण?"

"म्हणते. रोज. तीन वर्षं. सरावासाठी."

"म्हणजे तीन वर्षं तू तिला हाका मारतेयस. एवढ्या हाका मारल्या तर मीसुद्धा येईन."

मी चांगलीच घाबरले. छपराकडे बघायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी मी दुशान्बेला उस्ताद कोमिलोव यांच्याकडे गेले. ते माझे मार्गदर्शक. माणूस वाईट नाही, पण त्या शब्दावर त्यांचे स्वतःचे दोन लेख आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हातारीची आठवण हा पुरावा होत नाही."

"उस्ताद, ते नाव आहे."

"मग असं कर. गप्प राहा आणि पुढच्या महिन्यात डॉक्टर हो. नाहीतर शब्द काढ, नियम काढ, आणि मागे काय उरतं ते मला येऊन सांग."

"काहीच उरत नाही."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि माझ्या वाटीत चहा ओतला.

घरी येऊन मी नियमाचं प्रकरण काढून टाकलं. रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणावर ते सांगता येत नव्हतं. मग शब्दकोशाच्या पानावर आले. तो शब्द निवडला आणि पुसायला बोट नेलं, तेवढ्यात खाला मागे येऊन उभी राहिली.

"काय करतेस?"

"पुसते. चूक होती ती."

"बाबांनी तिला एकदा पुसलंय. कबरीवर दगडसुद्धा नाही. तू तरी नको पुसूस."

"पण खाला, खोटं कसं ठेवू?"

"शब्द कुठे खोटा आहे? तुमच्या त्या पाहुण्याने अर्थ चुकीचा लिहिला. अर्थ नीट कर."

मी तारेवालं रूप खोडलं. निद्रा खोडली. मग लिहिलं: नोद्री. विशेषनाम, स्त्रीलिंग. आढळ: एकदाच. अर्थाच्या जागी पाळणा होता, तोही खोडला. तिथे लिहिलं, 'लेखिकेची धाकटी खाला.' सनोबर खालाला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

"आता सांग तिला."

"कुणाला?"

"हाका तू मारल्यास. आता जा म्हणूनही तूच सांगायचं."

मी म्हणाले, "नोद्री." तीन वर्षं घोटलेला तो स्वर त्या वेळी नीट निघालाच नाही. "नोद्री, नाव लिहिलंय. आता जा."

खाला सरहद्दीपलीकडे परत गेली. प्रबंध पहिल्या पानापासून लिहायचा आहे आणि उस्ताद फोन उचलत नाहीत. छपरावर आता काही वाजत नाही. हायसं वाटायला हवं होतं, पण खोलीत मन लागत नाही. काल न राहवून मी पुन्हा आजीचा आवाज लावला. पाणी, आग, हात, विळा. आणि हे? नोद्री. शब्द होता तसाच होता. मी पुढे ऐकत राहिले, मग मागे नेऊन पहिल्यापासून ऐकलं. नुसती खरखर आहे. टकटक कुठेच नाही. आजीचा हात थांबला आहे.