हिवाळ्यात उघडलेली छत्री

मी एक जुनी, काळी, लाकडी दांड्याची छत्री आहे. मित्रांनो, भर थंडीत मला काम लागलं हे सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा! मी स्वतःच हरखून गेले होते.

नारायणरावांनी मला मलकापूरच्या एका दुकानातून आणलं. तेव्हा माझा काय थाट होता! पुढे घरात घडीची छत्री आली आणि मी माळ्यावर गेले, फुटक्या चाळणीशेजारी. गरज सरो, वैद्य मरो.

त्यांची मुलगी रेवती धाडच्या बाजारात आईबरोबर भाजी विकते. मुरुमांनी तिच्या डाव्या गालावर खड्डे पडले होते. गिऱ्हाइकाशी बोलताना ती तो गाल लपवायची आणि मान अवघडेपर्यंत तशीच बसायची. मोठ्या आशेने ती बुलढाण्याला लेझर करायला गेली, तर डॉक्टरबाईंनी परत पाठवलं. "चेहरा उन्हानं रापलाय. आत्ता लेझर केलं तर उलट काळे डाग पडतील. महिनाभर ऊन टाळ, मग ये."

बाजार सोडून चालणार नव्हतं. घडीची छत्री तर पावसाळ्यातच मोडली होती. मग तिच्या आईने, शारदाबाईंनी, मला माळ्यावरून काढलं. माझ्या कापडाला भोक होतं. त्यातून उन्हाचा कवडसा नेमका रेवतीच्या गालावर! शारदाबाईंनी हिरव्या खणाचं ठिगळ लावलं. मी नव्या नवरीसारखी मिरवू लागले.

सगळा बाजार ऊन खात बसायचा आणि आमची रेवती माझ्या सावलीत कुडकुडायची. शेजारी मिरच्या विकणाऱ्या बेबीताई म्हणाल्या, "पाऊस नाही, पानी नाही, अन् हे छत्री काऊन वं?"

"पोरीचं तोंड सांभाळून राह्यलो," शारदाबाई म्हणाल्या.

महिना सरला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बेबीताई वाटीत हळद-लिंबू कालवून घेऊन आल्या. "डॉक्टरकडं जाऊन राह्यली, जरा उजळून तर जा!"

"नोको माय!" रेवतीने दोन्ही गाल झाकले. "काईच लावू नोको म्हने डॉक्टरीन."

बेबीताईंनी हिरमुसून ते स्वतःच्याच तोंडाला फासलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या कोपऱ्यात उभी होते. डॉक्टरबाईंनी रेवतीचा गाल उजेडात न्याहाळला. माझ्या काड्या ताठरल्या.

"छान! आज करू या."

रेवती आनंदाने हसली. गाल लपवायचंही विसरली. मला तर तिथेच उघडावंसं वाटलं! तेवढ्यात डॉक्टरबाईंचं लक्ष शारदाबाईंकडे गेलं. "मावशी, तुमचा चेहरा किती रापलाय!"

"छत्री एकच हाये ना," शारदाबाई सहज म्हणाल्या.

रेवतीचं हसू थांबलं. महिनाभर दांडा आईच्या हातात होता आणि सावली लेकीच्या तोंडावर. ऊन फिरलं की आईचा हातही फिरायचा. ती स्वतः मात्र बाहेरच.

लेझर आटोपून दोघी बाहेर आल्या, तेव्हा रेवतीने मला आईच्या हाती दिलं नाही. स्वतःच उघडलं.

"माय, इकडं सरक."

"तुह्या गालाले ऊन लागन."

"नाही लागत. सरक म्हनलं ना!"

दोघींची डोकी माझ्याखाली कशीबशी मावली. माझी एक काडी शारदाबाईंच्या अंबाड्यात अडकली, पण कुणीच कुरकुरलं नाही.

मित्रांनो, जुनी म्हणून मला माळ्यावर टाकू नका. भोक पडलं तर ठिगळ लावा, मी पुन्हा उभी राहीन. आणि माझ्या सावलीत बसाल तेव्हा एकदा बघा, दांडा धरणारं माणूस उन्हात तर नाही ना?