डॉक्टरांचा खल

“रत्नामावशी, हे काय केलंत तुम्ही? म्युझियम पीस आहे हा!”

शिकवणाऱ्या हिमानीचा आवाज चढला, तशी सतरंजीवरच्या मुलांनी पाट्यांवरून माना वर केल्या. उघड्या काचकपाटात पांढऱ्या दगडाचा खल होता. त्याच्या काठावर हळदीकुंकवाची बोटं, आत झेंडूचं फूल.

“दसरा ना गं आज,” रत्ना म्हणाली. “पोरांनी पाट्या पुजल्या. मग डॉक्टरांचा खल कोरडा कसा ठेवू?”

डॉक्टर हॅलोवे साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून कनेक्टिकटच्या या किनाऱ्याला उतरले. याच घरात त्यांनी औषधं कुटली. लेकीनं त्यांच्या स्वयंपाकघरात गावची पोरं जमवून अक्षरं गिरवून घेतली, नातींनी शाळा काढली. अजूनही घर त्याच कुळातल्या एलेनॉरचं, आता छोटं म्युझियम. रविवारी खालची खोली मराठी शाळेला मिळते.

रत्ना नागपूरची. जन्मभर इथल्या शाळेत नर्स होती. निवृत्त झाली आणि या कपाटाची किल्ली तिच्याकडे आली. खल पुसताना तिला वाटे, आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या वैद्याची पाठ पुसतेय.

हिमानीनं टिशूनं घासून पाहिलं. पिवळा रंग दगडात मुरला होता.

“संपलं, मावशी. एलेनॉर क्लास कॅन्सल करणार, बघा.”

रत्नानं मुलांकडे पाहिलं. आपल्या हातानं पोरांची शाळा जायची की काय! तेवढ्यात एलेनॉर आलीच. ऐंशीची, काठी टेकत.

“हे मी केलं,” रत्ना तिला इंग्रजीत म्हणाली. “आमच्याकडे आज विद्येची पूजा असते. मुलांचा काही दोष नाही.”

एलेनॉर वाकून बघत राहिली. “निघणार नाही हा डाग?”

“हळद आहे. नाही निघायची.”

“म्युझियमच्या कमिटीला सांगावं लागेल. किल्ली परत दे, रत्ना.”

“आणि क्लास?”

“त्याचं काय? या घरात मुलं शिकेनाशी झाली, तर घर ठेवून मी करू काय?”

रत्नानं कमरेची किल्ली सोडवली, पदराला पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. एलेनॉरनं कपाटाला कुलूप घातलं. फूल तिनं आतच राहू दिलं.

हिमानीनं खडू उचलला. “हं, म्हणा. क ला काना?”

मागच्या रांगेतली आन्या बाजूला सरकली. “आजी, सिट हिअर ना.”

रत्ना गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली, मांडी घातली, आणि पोरांच्या सुरात म्हणाली, “का.”