हौशा म्हणतो

आमच्या मळ्यात इंजिन आलं त्या दिवशी गावानं पेढे खाल्ले, आणि आमच्या घरातल्या एका माणसाची वाचा गेली. ताप येऊन वगैरे नव्हे. माणूस धडधाकट होता, जेवत होता, वेळेवर चिलीम ओढत होता. फक्त माझ्याशी बोलायचं त्याचं साधन गेलं होतं. आणि ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते.

हा माणूस म्हणजे माझे मालक. नाव मी घेत नाही; बाकीचे घेतील.

आमची वस्ती कराडच्या खालच्या अंगाला, मळ्यातच. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, फौजेत गेलेले धाकटे दीर मानसिंग, त्यांची बायको, पोरंबाळं. एवढ्या माणसांत नवऱ्यानं दिवसाढवळ्या बायकोशी बोलायचं नाही ही रीत होती. रात्री बोलावं, तर दिवसभर मोट हाकलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकताच घोरायला लागायचा. मग आमचं बोलणं व्हायचं कुठं? मोटेवर. ते विहिरीवर, मी चुलीपाशी, आणि मध्ये परसातली केळ.

मोट हाकणारा नाड्यावर बसतो, म्हणजे ज्या जाड दोरानं मोट ओढतात त्या दोरावर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतरत्या वाटेवरून, खाली जातात, मोट भरून वर येते, विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात पाणी पडतं. मग बैलांना उलट्या पावली पुन्हा वर सरावं लागतं. मागं विहीर आ वासून असते. बैलाला पाठीला डोळे नाहीत. तो मागं सरतो तो नुसता आवाजाच्या भरवशावर. लोकांना वाटतं मोटेवरचं गाणं ही हौस आहे. हौस कसली, तो बैलाला दिलेला शब्द असतो, की बाबा, विहीर अजून लांब आहे, ये.

मालकांचं गाणं त्यांचं स्वतःचं होतं. खाली जाताना,

चल माझ्या हौशा, धावंच्या टोकाला,
पाणी निघालं रं उसाच्या भेटीला.

आणि मागं सरताना सूर लांबवून,

ये रं पाखऱ्या, माघारी माघारी,
विहीरबाई भरून देती घागरी.

या दोहोंच्या मध्ये, मोट रिकामी होईस्तोवर, थोडी जागा उरायची. तिथं ते मनाला येईल ते घालत. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी भाकरी थापत बसले होते आणि केळीच्या पलीकडून आलं:

कालच्या आमटीत मीठ पडलं दोनदा,
हौशा म्हणतो, खाल्ली की रं, बोलू नगं पुन्यांदा.

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. शेजारी आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, तेव्हा मला वाटलं, सुटले.

त्यानंतर हौशा पुष्कळ काही बोलला. तंबाखू संपली, सदरा उसवला, नव्या लुगड्याचा रंग बरा दिसतो, सगळं हौशाच म्हणायचा. मालकांनी स्वतःच्या तोंडानं कधी काही म्हटलं नाही. हौशा-पाखऱ्या आणि मी एकाच साली या घरात आलो होतो, तेही पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातले, मीही तिकडचीच. खिलार बैल आणि दुष्काळी सून चिवट निघते, असं आत्याबाई चारचौघींत सांगायच्या. कौतुक होतं की तक्रार, ते मी कधी विचारलं नाही.

माझी आई गेल्याचा सांगावा आला तेव्हा सुगीची घाई होती, मला जाता आलं नाही. मी जळक्या लाकडाच्या धुराचं निमित्त करून दिवसभर चुलीपाशी डोळे पुसत होते. तिसऱ्या प्रहरी मोटेवरून आलं:

पूर्वेच्या वाऱ्यानं आणलं रं वंगाळ,
हौशा म्हणतो, मी बी तिकडचाच, संभाळ.

मी उलट उत्तर कधी दिलं नाही. देणार कसं? सुनेनं चुलीपाशी बसून गळा काढला असता तर मामंजींनी देवऋषी बोलावला असता. मी उत्तर भाकरीतून द्यायची. त्या दिवशी मी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि वरून दुसरी भाकरी झाकली.

लढाई संपली आणि मानसिंग भाऊजी घरी आले. फौजेत त्यांनी मोटारी हाकल्या होत्या. आले ते इंजिनाचंच खूळ घेऊन आले. मामंजींना म्हणाले, "आप्पा, मोट म्हंजे आता आऊट. दिसभर जेवढं भिजतंय तेवढं इंजिन जेवायच्या आत भिजवतंय." मला म्हणाले, "वैनी, टायम किती वाचंल बगा."

वाचला. खोटं कशाला बोलू? उसाला पोटभर पाणी मिळालं, गूळ वाढला, मालकांची कंबर दुखायची थांबली. इंजिनाला नावं ठेवावीत असं त्यानं काही केलं नाही. पुक-पुक-पुक करत ते आपलं काम करायचं. मालक हातात चिंधी घेऊन त्याच्याजवळ बसायचे आणि पुसायला काही उरलं नसलं तरी पुसायचे. एकदा त्यांनी गाऊन बघितलं. मी भाकरी घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं. पहिली ओळ संपायच्या आत इंजिनाचा ठेका चार पावलं पुढं गेला होता. मोट माणसाच्या दमाला थांबायची. ह्याला थांबायचं शिकवलंच नव्हतं. मालकांनी खाकरल्यासारखं केलं आणि चिंधी उचलली.

बैल विकायचे ठरले, तेव्हा मामंजी म्हणाले, "बसवून वैरण कोण घालंल?" मालक चिंधी घेऊन इंजिनाकडं गेले. गिऱ्हाईक माझ्याच माहेरच्या शिवेवरचं निघालं, कवठे महांकाळकडचा धुळा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता त्यानं विहीर पाडली होती आणि वाडवडिलांत पहिल्यांदा मोट धरणार होता. बैलांचं वय उतरलेलं, म्हणून त्याला परवडले. मी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरी चारली. मालकांनी घुंगुरमाळा दिल्या, झुली दिल्या. सगळं दिलं. गाणं द्यायचं राहिलं, आणि ते द्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पंधरवड्यानं धुळा परत आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आप्पा, बैल माघारी घ्या. खाली जात्यात, पर मागं सरत न्हाईत."

मामंजी म्हणाले, "आमच्या दावणीला तर कवा अडली न्हाईत."

"तेच तर म्हंतो. टोकाला जात्यात आन् हुबं ऱ्हात्यात. शीळ घातली, शिव्या दिल्या. एकदा चाबकाचा कोरडा बी वढला. हौशानं नुसतं वळून माझ्याकडं बघितलं. मलाच लाज वाटली बगा."

"ड्रायव्हर बदलला की व्हतं असं," मानसिंग भाऊजी म्हणाले.

"विकलेलं जनावर पुन्ना दावणीला बांधायचं न्हाई," मामंजी म्हणाले. "आमच्या घरात ती रीत न्हाई."

धुळानं मुंडासं डोक्यावर चढवलं. "मग बाजार दावावा लागंल. ह्या वयाची बैलं बाजारात कोण घेतंय, ते तुमास्नी बी ठावं हाय आन् मला बी."

मालक भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

मी दाराआडून आत्याबाईंना हळूच म्हटलं, "गाणं न्हाई ना त्यास्नी."

आत्याबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "ज्ञानू, गाणं शिकीव की रं त्येला."

मालकांनी घसा साफ केला. आईबाप, भाऊ, भावजय, पोरंबाळं, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "चल माझ्या," एवढं म्हणाले आणि थांबले. कानापर्यंत लाल झाले. "नाड्यावर बसल्याबिगर येत न्हाई ते."

"मग जा नाड्यावर बसायला," आत्याबाई म्हणाल्या. "आन् हिला बी घिऊन जा. आई गेल्यापास्नं हिनं म्हायेर बघितलं न्हाई."

निघताना त्यांनी भाकरीचं गठुडं माझ्या हातात दिलं आणि कुणी जवळ नाही असं बघून म्हणाल्या, "मला काय कानांत दडं बसलंत व्हय? मिठाचं बी ऐकलं हुतं मी."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आता हौशा तिकडं ऱ्हाणार," त्या गठुड्याची गाठ उगाच पुन्हा आवळत म्हणाल्या. "इकडं कसं बोलायचं, ते तुमचं तुमी बगा."

मिरजेला गाडी बदलून आम्ही छोट्या गाडीत बसलो. मालक धुळाशेजारी, मी दोन बाकं सोडून. उसाचा हिरवा पट्टा मागं पडला, मग बाभळी लागल्या, मग नुसतं तांबूस रान. माझं रान.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या घरून मी धुळाच्या विहिरीवर गेले. मालकांना बघून पाखऱ्यानं शेपूट उडवलं. हौशानं त्यांच्या काखेत तोंड घातलं. मालकांनी त्याला थोपटलं नाही. सरळ नाड्यावर जाऊन बसले आणि गायला लागले.

बैल खाली गेले. पाणी पडलं. मी बाभळीखाली बसून वाट बघत होते, की आता मधली जागा येईल आणि हौशा काहीतरी म्हणेल. घरची माणसं कोसांवर. आज तर तो मोठ्यानं म्हणू शकेल. जागा आली. मालकांनी नुसती चाल गुणगुणली, शब्द घातला नाही. "ये रं पाखऱ्या, माघारी माघारी," आणि बैल एकेक पाऊल मागं टाकत, विहिरीकडं पाठ करून, आले. दुसऱ्या फेरीला तेच. पाचव्या-सहाव्या फेरीला मी वाट बघायचं सोडलं. माझ्या मनात आलं, बाई, बोलून संपलं वाटतं यांचं.

मग धुळा नाड्यावर बसला. आवाज राकट, रानभर हाळी घालायची सवय. "पाणी निघालं रं मेंढीच्या भेटीला."

"मेंढी न्हाई. ऊस."

"माझ्याकडं ऊस कुटला, गड्या? मेंढरंच हायत."

मालकांनी थारोळ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं. "बरं," म्हणाले. "मेंढी घाल."

दोघं मिळून गायले. धुळाच्या मागं उभे राहून मालक प्रत्येक फेरीला आवाज थोडा थोडा खाली आणत होते, जसा दिवा विझवताना वात मागं ओढावी तसा. मग ते गप्पच झाले. बैल खाली टोकाला होते. हौशानं एक कान वळवला. धुळानं ओळ लांबवली, "माघारीऽ माघारीऽ," बेसूरच, पण लांबवली. हौशा थांबला. मालकांनी दोन्ही हात पाठीशी धरले होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट. मग हौशानं मागचा पाय उचलला आणि मागं टाकला. त्याच्याबरोबर पाखऱ्यानंही टाकला.

धुळा गातच राहिला. थांबायला त्याला भीती वाटत असावी. मालक विहिरीला वळसा घालून, बैलांना दिसणार नाहीत अशा बाजूनं माझ्याकडं आले. बैलांना हात लावला नाही, कुरवाळलं नाही. "चल," मला म्हणाले. "आता हाक मारली तर पुन्ना घोटाळा व्हायचा."

परतीच्या छोट्या गाडीत ते माझ्या समोर बसले. डब्यात आणखी एक बाई होती, मांडीवर कोंबडी घेऊन झोपलेली. मालकांनी तिच्याकडं बघितलं, कोंबडीकडं बघितलं, खिडकीबाहेर बघितलं.

"तितं तुझं काई घातलं न्हाई गाण्यात," ते म्हणाले. "घातलं असतं तर धुळाच्या तोंडात बसलं असतं."

मी पदर सावरून पुढं सरकले.

"ऐकू यायचं का गं तुला? चुलीपाशी?"

इतकी वर्षं हा माणूस गात होता, आणि ऐकू जातं का हेच त्याला ठाऊक नव्हतं. लोण्याचा गोळा काय मी पाखऱ्यासाठी ठेवत होते?

"वारं इकडचं असलं की यायचं," मी म्हटलं. "नसलं की नुसती चाल."

"मिठाचं आलं हुतं?"

"आलं हुतं. आत्याबाईंस्नी बी."

त्यांनी पटक्याचा शेमला तोंडावर धरला. खांदे हलत होते. हसत होते, की आणखी काही, ते शेमल्याआड मला दिसलं नाही. कोंबडीवाली बाई जागी झाली आणि आम्ही दोघंही लगबगीनं बाहेर बघायला लागलो.  मिरजेला उतरायच्या वेळी ते म्हणाले, "इंजिनापाशी भाकरी आणू नगस. मी घरला येत जाईन जेवाया."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन बंद झालं आणि ते खरंच आले. मामंजी, मानसिंग भाऊजी आणि ते अशी पंगत बसली. मी वाढत होते, आत्याबाई उंबऱ्याशी. मालकांनी दोन घास खाल्ले. मग ताटाकडंच बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, थेट मला म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय."

मामंजींचा घास वाटेतच थांबला. मानसिंग भाऊजींनी आधी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग फौजेतल्यासारखं ताठ बसून समोरच्या भिंतीकडं.

आत्याबाईंनी मिठाचं भांडं माझ्याकडं सरकवलं. "कोण म्हंतंय?" त्यांनी विचारलं. "हौशा व्हय?"

"न्हाई," मालक म्हणाले. "मीच."

मी मीठ वाढलं. ते जरा जास्तच पडलं. त्यांनी ते सगळं खाल्लं.